धायरीची वाईन आणि आमचा वैताग

जिथं कामं नियमानं चालतात, तिथं किस्से साठत नाहीत. माझा थोरला भाऊ तीस वर्षं बँकेत होता. त्याच्याकडे सांगण्यासारखे किस्से दोन, आणि त्यातला एक दुसऱ्या ब्रँचमधला! मी धायरीला अण्णांच्या वायनरीत बारा वर्षं काढली. तिथं कामं हट्टानं चालायची. त्यामुळे किस्से इतके झालेत, की लग्नकार्यात भेटलेल्या बायका "कशी आहेस?" विचारायच्या आधी "तो फ्रिजचा सांग ना" म्हणतात.

सांगताना आता मलाही हसू येतं. तेव्हा मात्र रोज संध्याकाळी घरी जाऊन मी आईला म्हणायचे, "उद्यापासून जाणार नाही." आई म्हणायची, "डबा किती वाजता हवाय?"

*

पेपरात छोटी जाहिरात होती. 'फळप्रक्रिया उद्योगास मायक्रोबायॉलॉजी पदवीधर मुलगी पाहिजे. स्वच्छता आवश्यक.' मी नुकतीच बीएस्सी झालेली. नारायण पेठेतून निघून, बस बदलून धायरीला उतरले. तेव्हा धायरी म्हणजे गावच होतं. स्टॉपपासून पंधरा मिनिटं चाललं की शेतात एक लांबलचक पत्र्याची शेड. दारात पांढरा शर्ट, खाकी हाफ पँट घातलेले गृहस्थ उभे. हे अण्णा.

मी फाईल पुढं केली. फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट मुद्दाम सगळ्यात वर लावलं होतं. त्यांनी फाईल उघडलीसुद्धा नाही.

"चपला काढा."

काढल्या. मला वाटलं, आत देवबीव असतील. तर अण्णा वाकून माझे पायच बघायला लागले!

"टाचांना भेगा आहेत?"

"नाही."

"नखं वेळच्या वेळी कापता?"

"हो..."

"उद्यापासून या."

आत गेल्यावर कळलं की फळप्रक्रिया म्हणजे वाईन. सिमेंटचा मोठा हौद, त्यात द्राक्षं, आणि ती तुडवायची पायांनी! मी रडकुंडीला येऊन विचारलं, "मग मायक्रोबायॉलॉजी कशाला मागितलीत?"

अण्णा म्हणाले, "त्या विषयाच्या मुली सारखे हातपाय धुतात असं ऐकलं होतं."

*

हे सगळं अण्णांच्या डोक्यात आलं कुठून, तर इटलीहून.

अण्णा पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. कंपनीनं त्यांना एक मशीन शिकायला आठ महिने इटलीला धाडलं. तिकडं ते एका खेड्यात, एका म्हातारीच्या घरी भाड्यानं राहिले. म्हातारी तळघरात घरची वाईन करायची. अण्णा मशीन शिकले आणि वाईनही शिकले. पुढं बाजार खुला झाला, कारखाना बाहेरच्या कंपनीनं घेतला, त्यांनी ते मशीन भंगारात काढलं आणि अण्णांना व्हीआरएस दिली. उरली ती वाईन!

काकूंच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, माहेरची धायरीला जमीन होती. तिथं शेड उभी राहिली. परवाना काकूंच्याच नावावर. काकू स्वतः वाईनचा थेंबही घेत नसत, पण त्यांचं नाक असं तिखट की पिंपाजवळून नुसत्या गेल्या तरी "ह्याचं आज काहीतरी बिनसलंय" म्हणायच्या, आणि ते बिनसलेलं असायचं.

अण्णांकडे मात्र प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर. "म्हातारी म्हणायची."

पंप घेऊ या? "म्हातारी म्हणायची, पंपानं वाईनला धाप लागते." गाळणी बदलू या? "म्हातारी म्हणायची, फार गाळलं की चव गाळली जाते." मी त्या बाईला आयुष्यात बघितलं नव्हतं, पण तिच्याशी माझं रोज भांडण!

एकदा मी धीर करून चांगल्या प्रतीच्या यीस्टची पुडी आणली. अण्णांना म्हटलं, "द्राक्षाच्या सालीवर असतं तेवढ्यावर विसंबून राहणं म्हणजे जुगार आहे. हे घातलं की दरवर्षी सारखी वाईन होईल." अण्णांनी चष्मा लावून पुडी दोन्ही बाजूंनी वाचली. "छान आहे," म्हणाले. मी खूश! तीन महिने डोकं फोडलं त्याचं सार्थक झालं.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत काकूंनी डब्यातून पाव काढला. घरी केलेला.

अण्णा एक तुकडा मोडून म्हणाले, "उपयोगी वस्तू आहे हो. फक्त योग्य जागी वापरली पाहिजे."

*

थर्मामीटरचंही तेच. अण्णा बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं कोपर हौदात बुडवायचे आणि आकडा सांगायचे.

"एकोणतीस."

मी थर्मामीटर लावला. एकोणतीस! अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला माझी डिग्री परत करावीशी वाटली.

पण मीही सोडणाऱ्यातली नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोपर, पुन्हा थर्मामीटर. अण्णा म्हणाले, "अठ्ठावीस." थर्मामीटर म्हणत होता एकतीस. मी विजयानं तो त्यांच्या नाकासमोर धरला.

अण्णा शांतपणे कोपर पुसत म्हणाले, "दुरुस्तीला टाका तो."

*

आता फ्रिजचा.

अण्णांचा मुलगा मिलिंद हिंजवडीला आयटीत होता. त्याला वडिलांची काळजी आणि वायनरीची लाज, दोन्ही सारख्या प्रमाणात होती. कंपनीनं त्याला सहा महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं, तेव्हा जाण्यापूर्वी त्यानं हौदात एक सेन्सर बसवला. तापमान फार वर किंवा खाली गेलं की थेट त्याच्या मोबाईलवर मेसेज! त्या काळी हे म्हणजे अप्रूपच. मिलिंदनं शेडमध्ये आम्हा सगळ्यांना उभं करून प्रेझेंटेशन दिलं. अण्णा हाताची घडी घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे माझं कोपर तू अमेरिकेला नेणार."

दोन आठवडे सुरळीत गेले. मग एके दिवशी सकाळी मिलिंदचा फोन.

"वृषाली, हौदाचं टेंपरेचर चार डिग्री दाखवतंय! चार! काय झालंय तिथं?"

बाहेर धायरीचं मार्चमधलं ऊन. मी धावत जाऊन हौद बघितला. हौद मजेत बुडबुडे काढत होता. सेन्सर मात्र जागेवर नव्हता!

आमच्याकडे सखाराम म्हणून धायरीचाच एक वयस्क गडी होता. अत्यंत प्रामाणिक, अत्यंत टापटिपीचा. त्याला विचारलं.

"त्यो व्हय ताई? लई बरबटला हुता. धुतला, पुसला, आन ठिवला नीट."

"कुठं?"

"फ्रिजात. एवढी म्हागाची वस्तू हाय, उन्हाळ्याची बाहेर ठिवली आन नासली मंजी?"

मी मिलिंदला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मी ह्या फोनसाठी क्लायंटबरोबरचं जेवण सोडून बाहेर आलोय."

*

पुढं पुढं शहरात वाईन प्यायची टूम आली. रविवारी गाड्या भरून लोक यायचे. काकूंनी शेडबाहेर आंब्याखाली चार बाकं टाकली. अण्णा स्वतः वाढायचे, आणि ते वाढायला लागले की मी आत पळायचे. कारण गिऱ्हाईक टिकवायचं असतं हे त्यांना म्हातारीनं शिकवलंच नव्हतं.

एक तरुण इंजिनियर कर्वेनगरहून आला होता. कुठल्यातरी कोर्समध्ये शिकल्यासारखा ग्लास गोल गोल फिरवायला लागला. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. अण्णांनी विचारलं, "औषध आहे का?"

"नाही, म्हणजे अरोमा ओपन होतो ना अंकल."

"वर्षभर पिंपात ओपन झालाय तो. आता तुम्ही तोंड ओपन करा."

दुसऱ्या एका जोडप्यानं घोट घेतला, एकमेकांकडं बघितलं, आणि बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "छान आहे, पण थोडी आंबट नाही का? ह्यात लेमन सोडा मिक्स केला तर चालेल?"

अण्णांनी त्यांच्यासमोरची बाटली उचलली, बूच लावलं आणि काखेत धरली.

"चौकात सरबतवाला आहे. सज्जन माणूस आहे. माझं नाव सांगा."

बरं, ते जोडपं पुन्हा येणार नाही असं मला वाटलं, तर पुढच्या रविवारी चार मित्रांना घेऊन हजर! आल्या आल्या म्हणाले, "काका, ह्यांना पण बोला ना काहीतरी."

अण्णा त्या दिवशी एक अक्षर बोलले नाहीत. मंडळी हिरमुसून गेली.

*

आमच्या घरी वेगळंच रामायण. माझे वडील छापखान्यात मुद्रितशोधक होते, नुकतेच रिटायर झालेले. घरात कुणी 'आणि'ला 'णी' काढला तर जेवण थांबायचं. त्यांना माझं काम अजिबात पसंत नव्हतं. पण पुणेरी माणूस, खोटंही बोलणार नाही. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे, "मुलगी फळप्रक्रियेत आहे."

मला बघायला पाहुणे आले. मुलाच्या आईनं विचारलं, "फळप्रक्रिया म्हणजे? मुरंबे, जॅम वगैरे का?"

मी म्हटलं, "नाही, वाईन."

पोह्यांच्या बशा होत्या तशा राहिल्या! पाहुणे गेल्यावर वडील म्हणाले, "त्यांनी मुरंब्याचं विचारलं होतं. उत्तर 'नाही' एवढंच होतं."

त्या रविवारी ते छत्री घेऊन तडक धायरीला आले. मला कल्पनाच नाही! ते अण्णांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी वृषालीचा वडील. तिला उद्यापासून पाठवणार नाही, हे सांगायला आलोय."

"बसा तर खरं," अण्णा म्हणाले. काकूंनी पाणी आणलं. वडील बसले. समोर नव्या लेबलांचा गठ्ठा होता. अण्णांनी हट्टानं मराठीत छापून घेतलेला, पूर्ण दोन हजार. छापखान्यात आयुष्य गेलेला माणूस, हात आपोआप खिशातल्या चष्म्याकडं गेला. लेबलावर होतं, 'पारंपारिक पद्धतीने बनविलेली वाईन'.

वडिलांचा चेहरा असा झाला, की काकू घाबरून म्हणाल्या, "पाण्यात काही पडलं का?"

"'पारंपारिक' नव्हे," वडील म्हणाले. "'पारंपरिक'. परंपरा लिहिता येत नाही, आणि पाळता म्हणे!"

अण्णांना इतकं स्पष्ट कुणी बोललेलं मी पहिल्यांदाच बघत होते. अण्णांनी लेबल हातात घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

"लाल पेन आहे?" त्यांनी विचारलं.

वडिलांकडे नसेल असं होईल का?

त्यानंतर तीन रविवार माझे वडील धायरीला येऊन, आंब्याखाली बसून, दोन हजार लेबलांवरचा एकेक काना खोडत होते. माझ्या नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही. वाईन त्यांनी कधीच चाखली नाही. घरी आलेल्यांना तेच सांगायचे, "मुलगी फळप्रक्रियेत आहे." फक्त पुढं जोडायचे, "पारंपरिक."

*

आणि एक दिवस खुद्द म्हातारीचा नातू आला!

चाकणच्या एका मोटार कंपनीत कामासाठी तो महिनाभर पुण्यात होता. आजीनं त्याला अण्णांचा पत्ता दिला होता. अण्णांना काय आनंद! काकूंनी पुरणपोळी केली. सखारामनं शेड दोनदा धुतली. अण्णांनी त्याला हात धरून हौद दाखवला, पिंपं दाखवली, पाय धुवायची जागा दाखवली. "सगळं तुझ्या आजीसारखं," इंग्रजीत सांगत होते. "काडीचा बदल नाही."

नातू भारावून बघत होता. म्हणाला, "मी हे फक्त लहानपणी पाहिलं होतं. आजीनं तर तुम्ही गेल्यानंतर दोन वर्षांनी स्टीलच्या टाक्या घेतल्या. आणि मोठा पंप."

अण्णांचा हात हौदाच्या काठावर तसाच राहिला.

"पण ती म्हणायची, पंपानं..."

"हो, ती म्हणायची. तेव्हा पंप परवडत नव्हता ना!"

नातू पोटभर जेवून गेला. अण्णा संध्याकाळपर्यंत पिंपंच पुसत बसले. मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, आतून उकळ्याही फुटत होत्या. मी लगेच एका दुकानात फोन करून पंपाचं कोटेशनसुद्धा विचारून ठेवलं!

सकाळी अण्णा आले, बाही वर केली, कोपर हौदात घातलं.

"शेवटी शेवटी बिघडली बिचारी," म्हणाले.

आणि त्या दिवसापासून वाक्य बदललं. "म्हातारी म्हणायची, बिघडायच्या आधी..."

*

आता शेवटचा सांगते.

आदल्या वर्षी गारपिटीनं द्राक्षं खराब झाली होती आणि वाईन बेताचीच उतरली. धायरीत एव्हाना चहूबाजूंनी इमारती उठल्या होत्या. आमच्या शेडवर समोरच्या सातव्या मजल्यावरून वाळत घातलेल्या चादरींची सावली पडायची. मिलिंदनं स्पष्ट सांगितलं, "ह्या वर्षी नीट झालं नाही, तर जागा बिल्डरला देऊन टाकू." काकू नाही म्हणाल्या नव्हत्या. म्हणजे वर्ष निकराचं होतं.

फेब्रुवारीत नारायणगावची द्राक्षं आली, अगदी बघत राहावीत अशी. सकाळी सगळे घड हौदात ओतले, वर फळ्यांची झाकणं टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुडवायचं ठरलं.

दुपारी परवान्याच्या खात्याचे साहेब तपासणीला आले. बदलून आलेले, नवीन, कागदाला पक्के. त्यांनी शेडचा मंजूर नकाशा उघडला.

"ह्यात दार पूर्वेला आहे. हे तर पश्चिमेला."

दार अण्णांनी चार वर्षांपूर्वी हलवलं होतं. पिंपांवर सकाळचं ऊन पडू नये म्हणून. नकाशा बदलून घ्यायचं राहिलं होतं. चूक आमचीच. काकू म्हणाल्या, "साहेब, दोन दिवसांत सुधारित नकाशा आणून देते." साहेब विचारात पडले होते. बहुतेक हो म्हणणार होते.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "नकाशा उलटा धरून बघा, दार बरोबर येईल."

साहेबांनी कुलूप मागवलं. लाख वितळवून सील लावलं. आम्ही सगळे बाहेर, द्राक्षं आत. इथं तरी गप्प बसावं की नाही माणसानं?

"मला एक सांगा," अण्णा म्हणाले. "तुमच्या नकाशाप्रमाणं इथं दारच नाही. मग जे दार नाहीच, त्याला सील कसं काय लावलंत?"

साहेब म्हणाले, "हे लेखी विचारा."

आणि अण्णांनी लेखी विचारलं! दोन प्रतींत! दोन दिवसांचं काम होतं, ते त्या पत्राला उत्तर देण्याच्या फेऱ्यात अकरा दिवस लांबलं.

काकू रोज सकाळी कागदांची पिशवी घेऊन बसनं ऑफिसात जायच्या, दुपारी परत यायच्या. अण्णा झरोक्याखाली खुर्ची टाकून बसायचे, नाक वर करून. न तुडवलेली द्राक्षं तशीच पडलेली, ना कुणी हलवतंय, ना कुणी बघतंय. तिसऱ्या दिवशी आतून वास यायला लागला. पाचव्या दिवशी सखाराम भिंतीला कान लावून म्हणाला, "आत कायतरी बोलतंय." आठव्या दिवसापासून आम्ही एकमेकांकडं बघायचंच टाळायला लागलो. अण्णांनी डबा उघडणं सोडलं. एकदा मला हळूच म्हणाले, "वृषाली, तुमचं शिक्षण चांगलं आहे. तुम्ही दुसरीकडं अर्ज करून ठेवा." इतक्या वर्षांत माझ्या शिक्षणाबद्दल ते पहिल्यांदा बरं बोलले, आणि तेव्हाच मला रडू आलं.

अकराव्या दिवशी साहेब आले. सील तोडलं. दार उघडलं. सखारामनं झाकणाची पहिली फळी उचलली.

व्हिनेगरच्या तयारीनं मी नाकाला पदर लावला होता. काकू पुढं झाल्या, वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, इकडं या."

पिकलेल्या केळ्याचा, गुलाबाचा, कसला कसला वास शेडभर पसरला. साहेबसुद्धा हातातला कागद विसरून हौदाशी उभे!

ती वाईन म्हणजे आमच्याकडची आजवरची सगळ्यात चांगली वाईन. हलकी, लालचुटुक. न तुडवता झाकून राहिलेली द्राक्षं सालीच्या आतल्या आतच आंबली होती. दिवाळीच्या आत एक बाटली उरली नाही. मिलिंदनं बिल्डरचं नाव काढलं नाही. लोक विचारायचे, "ही कुठली पद्धत, अण्णा?" अण्णा दुसरंच काहीतरी बोलायला लागायचे. म्हातारीचं नाव घेता येईना, आणि खात्याचं घ्यायचं जिवावर येई!

पुढच्या फेब्रुवारीत द्राक्षं आली. घड हौदात ओतले, झाकणं टाकली. आम्ही नेहमीप्रमाणे पाय धुऊन रांगेत उभे. अण्णा म्हणाले, "चपला घाला." सगळ्यांना बाहेर काढलं, स्वतःच्या हातानं दाराला कुलूप घातलं आणि किल्ली काकूंच्या हातात दिली.

"अकरा दिवस. मी मागितली तरी द्यायची नाही."

चौथ्या दिवशी दुपारी काकू आंब्याखाली गहू निवडत बसल्या होत्या. अण्णा दोन-तीनदा उगीच तिथून गेले. मग जवळ येऊन उभे राहिले.

"मालती, किल्ली दे जरा. नुसतं बघून येतो."

काकूंनी वर बघितलंसुद्धा नाही.

"गेल्या वर्षी दिली होती का साहेबांनी चौथ्या दिवशी?"